कुत्र्याची जात कळली म्हणजे स्वभाव कळला?

‘लॅब्रॅडॉर घ्या, शांतच निघतो’ हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. त्यावर डोळे झाकून विसंबू नका. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात १८,००० हून अधिक कुत्र्यांची माहिती तपासली. वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे होता.

जात अगदीच निरुपयोगी नाही. अंगकाठी, केसगळती, धावण्याची ओढ यांचा अंदाज येतो. बॉर्डर कोली हा कुत्रा मेंढ्या वळवण्यासाठी जोपासलेला. घरात कोंडला तर धावत्या मुलांनाच वळवू पाहतो. तुम्हाला संध्याकाळी सोफ्यावर निवांत बसायला आवडत असेल, तर तो कितीही देखणा असो, नकोच. पिल्लू घेताना त्याची आई जरूर बघा. माझ्या मते पिल्लापेक्षा पूर्ण वाढलेलं कुत्रं घेणं उत्तम: शेजारी जमिनीवर बसा, ते हुंगत येतं की अंग चोरतं, हे समोरच दिसतं.