येत नाही की होत नाही? स्किझोफ्रेनियातले दोन वेगळे प्रश्न

स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार असलेल्या मुलाच्या घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘एवढा बी.कॉम. झालाय, वाण्याकडे जायला काय होतं?’ आणि दुसरं, ‘कुणाशी धड बोलत नाही, आता याच्या डोक्यात नवीन काही शिरायचं नाही.’ शिकता येणं आणि चारचौघांत वावरता येणं यांचं नातं आहेच, पण ते घरचे समजतात तेवढं घट्ट नाही.

आधी शिकण्याचं बघू. विस्कॉन्सिन कार्ड सॉर्टिंग नावाची एक जुनी चाचणी आहे. पत्त्यांवरच्या आकृत्या रंगाने जुळवायच्या, आकाराने की संख्येने, हे सांगत नाहीत; प्रत्येक पत्त्याला फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणतात. नियम कळून सलग दहा पत्ते बरोबर लागले की न सांगता नियम बदलतो. या आजारातले बरेच जण जुन्याच नियमाला धरून राहतात. पण जर्मनीत ओस्नाब्र्युकचे मानसशास्त्रज्ञ कार्ल हाइन्झ वीडल यांनी हीच चाचणी एकदा घेतली, मग पत्ता लागला किंवा चुकला तो का, हे समजावत शिकवलं आणि पुन्हा घेतली. पहिल्या फेरीत कमी गुण मिळालेल्यांपैकी काही जण दुसऱ्या फेरीत चांगलेच वर आले, काही होते तिथेच राहिले. म्हणजे पहिल्या गुणांवरून आजची स्थिती कळते. कोण शिकू शकेल ते कळत नाही. जुनी मार्कशीट तर आजारापूर्वीची. तिच्यावरून आजची स्थितीही कळत नाही.

आता वावरण्याचं. मुलाला साखर, चहा, साबण आणायला पाठवलं आणि तो रिकाम्या हातांनी परत आला, असं समजा. कदाचित दुकानात पोचेपर्यंत साबण डोक्यातून निघून गेला, मग सगळीच यादी विस्कटली. कदाचित यादी पाठ होती, पण वाण्याने सहज ‘काय साहेब, आज इकडे कुठे?’ म्हटलं आणि त्याला तो टोमणा वाटला. किंवा यादीही पक्की, वाणीही नेहमीचा, पण पुढे चालायचीच उभारी राहिली नाही आणि कोपऱ्यावरूनच तो मागे फिरला. घरात तिन्हींना एकच नाव पडतं: आळस. मला हा शब्द या आजारापुरता तरी घरातून हद्दपार व्हावा असं वाटतं, कारण तो उच्चारला की पुढची चौकशी थांबते. खरं तर पहिल्याला चिठ्ठी पुरते, दुसऱ्यासोबत दुकानातल्या बोलण्याचा सराव करावा लागतो, आणि तिसऱ्याबरोबर सुरुवातीला कुणीतरी चालत जावं लागतं.

आवाज ऐकू येणं, संशय येणं ही लक्षणं घरच्यांना सगळ्यात जास्त घाबरवतात. पण १९९६ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मायकल ग्रीन यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा रोजच्या जगण्याशी जास्त संबंध दिसला तो ऐकलेलं लक्षात ठेवण्याचा आणि लक्ष टिकवण्याचा. २०११ च्या एका मोठ्या आढाव्यात त्याहूनही जास्त वजन निघालं समोरच्याचा चेहरा, सूर आणि हेतू ओळखण्याला. म्हणून औषधाने आवाज थांबले तरी नोकरी आपोआप जमेल असं नाही. (औषध बंद करा असा याचा अर्थ मुळीच नाही. मात्र या औषधांमुळे होणारी हातांची थरथर थांबावी म्हणून देतात ती ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी स्मरणशक्तीवर परिणाम करू शकते. ती अजून लागते का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आपल्या मनाने थांबवू नका.)

शिकवण्याची पद्धतही महत्त्वाची. ‘चुकेल, मग शिकेल’ हे इथे अनेकदा उलटं पडतं, कारण चूकच डोक्यात पक्की बसते. काम बारीक तुकड्यांत मोडून, सुरुवातीला चूक होऊच न देता शिकवलं तर निभाव लागतो. आणि शक्यतो जिथे ते करायचं त्याच जागी: पुनर्वसन केंद्रात शिकलेला चहा घरच्या गॅसवर जमेलच असं नाही.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आपल्याकडे ‘आयडियाज’ ही मोजपट्टी वापरतात. तिच्यात डिग्रीला जागा नाही. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व समज आणि काम अशी चार क्षेत्रं बघतात, आजाराचा काळही धरतात. तेव्हा तपासणीला जाताना तो स्वतःहून आंघोळ करतो का, फोन उचलतो का, किती वेळा आठवण करावी लागते, हे महिनाभर वहीत टिपून ती वही सोबत न्या.