भिंत सुकल्याशिवाय रंग नको

सांगलीच्या गावभागात माझ्या आत्याचं जुनं घर आहे. श्रावण लागला की माजघरात पाऊल टाकताच आधी वास येतो, ओल्या पोत्यासारखा कुबट. लाकडी कपाटामागची भिंत तेव्हा ओल धरते. सुरुवातीला राखाडी ठिपके दिसतात आणि आठवड्याभरात त्यांचा हाताएवढा काळा डाग होतो. आत्या ब्लीचिंगच्या पाण्यानं तो घासून काढते. भिंत पांढरी होते, पण गौरी बसेपर्यंत डाग पुन्हा तिथंच आलेला असतो, जवळजवळ त्याच आकाराचा. २०१९ च्या महापुरानंतर हे दरवर्षी ठरलेलंच होतं.

खरं तर सांगलीत पाऊस फार नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, इथे सहाशेच्या आसपास. तरीही भिंती काळ्या पडतात, कारण बुरशीला पाऊस लागतच नाही. तिला ओलसर पृष्ठभाग पुरतो. तिचे बीजाणू प्रत्येक घराच्या हवेत बारा महिने तरंगत असतात. आकार काही मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान. ते घराबाहेर ठेवणं कुणालाच जमणार नाही. खायला त्यांना काहीही चालतं: रंगातला चिकट द्रव, कपाटाचं लाकूड, नुसती धूळसुद्धा. अडतं ते फक्त पाण्यावर. भिंतीला लागून असलेल्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली आणि काही दिवस तिथंच राहिली, की बीजाणूला धागे फुटतात.

‘भिंतीला लागून’ हे शब्द महत्त्वाचे. समजा, खोलीत २७ अंश तापमान आहे आणि आर्द्रता ७० टक्के. म्हणजे एक घनमीटर हवेत साधारण १८ ग्रॅम वाफ आहे. कपाटामागं वारा फिरत नाही आणि ओली भिंत वाळताना स्वतःच गार होते, त्यामुळे तिथे २३ अंश असू शकतात. इतक्या गार हवेत जास्तीत जास्त साडेवीस ग्रॅम वाफ मावते. म्हणून तीच १८ ग्रॅम वाफ कपाटामागं ८८ टक्के आर्द्रता होऊन बसते. खोलीत बसलेल्या माणसाला काही जाणवत नाही आणि चार हातांवर बुरशीचं मस्त चाललेलं असतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायला सांगतात ते याचसाठी.

आता पाणी येतं कुठून, हा प्रश्न. माझ्या मते सगळा उपाय याच्या उत्तरावर अवलंबून आहे, आणि आपण बहुतेक वेळा तो विचारतच नाही. ओल छतातून किंवा बाहेरच्या भेगेतून येते, नळाच्या सांध्यातून झिरपते, घराच्या पायातून वर चढते, नाहीतर घरातल्या वाफेतून बसते. वाफेचा हिशेब सहसा कुणी करत नाही. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की दीड लीटरहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. १४.२ किलोचं सिलिंडर संपेपर्यंत साधारण २२ लीटर होतं, म्हणजे बादलीभर पाणी. भाताची वाफ, आंघोळीची वाफ आणि खोलीत दोरीवर वाळत घातलेले कपडे वेगळेच. स्वयंपाकघरात आणि न्हाणीत एक्झॉस्ट पंखा हवा तो यासाठी.

पायातून चढणारी ओल ही आमच्या नदीकाठची जुनी ओळखीची. चहात टोस्टचा कोपरा बुडवला की चहा आपोआप वर चढतो, तसंच विटेच्या बारीक छिद्रांतून पाणी चढतं. सोबत मातीतले क्षार येतात. पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागावर राहतात, आणि भिंतीला लोणा लागतो. पांढरी पूड दिसली की बरेच जण तिलाच बुरशी समजतात. त्यावर पाण्याचा एक थेंब सोडून बघावा. लोणा विरघळतो, बुरशी विरघळत नाही. पण लोणाही निरुपद्रवी नव्हे. हे क्षार दमट हवेतून पाणी ओढून घेतात, म्हणून वरकरणी कोरडी वाटणारी भिंत पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा ओलावते.

आत्याच्या घरी कुठली ओल आहे ते बघायला आम्ही चपात्या गुंडाळायच्या फॉइलचा फूटभर चौकोन कापला, भिंतीला लावला आणि चारही कडा टेपनं बंद केल्या. दोन दिवसांनी आत्यानं हाक मारली, “अगं, हे बघ, आतून घाम आलाय!” फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला थेंब असते तर दोष घरातल्या वाफेचा. थेंब भिंतीकडच्या बाजूला होते, म्हणजे पाणी भिंतीच्या पोटात होतं.

ते तिथं कसं अडकलं, हे आम्हाला उशिरा कळलं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. घरात आठवडाभर पाणी होतं. ऑक्टोबरअखेर दिवाळी आली. घर पुन्हा घरासारखं दिसावं म्हणून आम्ही जुन्या विटांच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला आणि वर ऑइलपेंट दिला. पाणी प्यालेल्या जाड भिंतीला आतपर्यंत सुकायला कित्येक महिने लागतात. आम्ही तिला अडीच महिन्यांत झाकून टाकलं. ओलीला बाहेर पडायला वाट उरली नाही. जुलै २०२१ मध्ये पूर पुन्हा आला आणि झालेली चूक मुरली.

आपल्याकडची चुन्याची सफेदी या बाबतीत फार शहाणी होती. ताजा विरवलेला चुना इतका तीव्र अल्कधर्मी असतो की त्यावर बुरशीला धरता येत नाही. त्यातून वाफ आरपार जाते आणि बुरशीला खायला त्यात काही नसतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू त्याचा चुनखडीसारखा दगड होतो आणि तीव्रता उतरते. म्हणून हात दरवर्षी द्यायचा, तोही पावसाळा सरल्यावर.

आधी सुकवायचं, मग झाकायचं, हे सांगलीला नवीन नाही. हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमापाशी, जमिनीतल्या पेवांत, म्हणजे खोल खणलेल्या कोठारांत, हळद साठवत. ती शिजवून उन्हात खडखडीत वाळवल्याशिवाय, ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय पेवाचं तोंड बंद करत नसत. २००५ च्या पुरात त्यातली पुष्कळ पेवं पाण्यानं गेली.

डाग काढताना कोरडा ब्रश कधीच मारू नये, बीजाणू घरभर उडतात. आधी साबणाचं पाणी शिंपडावं, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी. दम्याच्या माणसानं हे काम अंगावर घेऊ नये. ब्लीचनं रंग उडतो, पण गिलाव्यात शिरलेले धागे राहतात, आणि मेलेल्या बीजाणूंचाही त्रास होतो. शिवाय ब्लीचमध्ये संडास धुण्याचं अॅसिड किंवा अमोनिया असलेलं द्रावण मिसळलं तर विषारी वायू सुटतो. एक खुलासा आवर्जून करते: कोरोनाकाळात ज्याला काळी बुरशी म्हणत होते तो म्युकरमायकोसिस. तो आजार वेगळ्या बुरशीचा. भिंतीवरचा काळा रंग म्हणजे तो नव्हे.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही तो सिमेंटचा गिलावा जमिनीपासून तीन फूट काढून टाकला. विटा उघड्या ठेवल्या आणि हिवाळाभर पंखा लावला. पाहुणे विचारायचे, आत्या शांतपणे सांगायची, “भिंत वाळायची आहे.” मार्चमध्ये फॉइल दोन्ही बाजूंनी कोरडा निघाला. मग चुन्याचा गिलावा आणि सफेदी. या श्रावणात कपाटामागची भिंत पांढरीच राहिली. मोरीच्या बाजूला मात्र एका कोपऱ्यात ठिपके आले. फॉइल लावून पाहिला तर पुन्हा भिंतीकडूनच घाम, आणि तोही नळाच्या सांध्याच्या बरोबर खाली. प्लंबर सोमवारी येणार आहे.