पार्श्वभूमी : कार्बोरेटरचा ‘हवेचा स्क्रू’

मुंबईत मोटरसायकलचा कार्बोरेटर घरी उतरवायची सवय लागली ती अ‍ॅव्हरेजपायी. पेट्रोल महाग, गाडी हप्त्यांवर घेतलेली, आणि मेकॅनिककडे नेली की तो प्लग, पॉइंट, केबल सगळंच बदलायला सांगणार. त्यापेक्षा दहा नंबरचा पाना, चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर, जुना टूथब्रश आणि स्वयंपाकघरातून न विचारता उचललेली स्टीलची वाटी एवढ्यावर काम भागायचं.

यंत्र तसं जुनंच. पेट्रोलचा फवारा हवेत मिसळणाऱ्या कार्बोरेटरचं पेटंट दोघा हंगेरियन अभियंत्यांनी 1893 मध्ये मागितलं होतं. आपल्याकडची गोष्ट त्यानंतर साठेक वर्षांनी सुरू होते. 1955 च्या सुमारास मद्रासला बुलेट जोडली जाऊ लागली, मग म्हैसूरची जावा, तिचीच पुढे येझदी झाली, आणि बरोबर राजदूत. मालकाचे हात काळे होणार हे या गाड्यांनी धरूनच चाललेलं. थंड इंजिनला किक मारण्याआधी कार्बोरेटरवरचं छोटं बटण दाबून पेट्रोल बाहेर ओघळेपर्यंत थांबायचं, हा रोजचा रिवाज होता.

1985 मध्ये चित्र पालटलं. हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी 100 आणि यामाहाची टू-स्ट्रोक आरएक्स 100 एकाच वर्षी आल्या. पहिलीची जाहिरात पेट्रोल भरा आणि विसरून जा अशा थाटाची होती. दुसरी काही विसरू देत नसे. पण चाळीच्या अंगणात कार्बोरेटर दोघींचेही उतरत. पेट्रोलचा कॉक बंद, कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल खाली, वरचं झाकण फिरवून स्लाइड (रेस देताना वर उचलला जाणारा, हवेची वाट उघडणारा तुकडा) आणि त्यातली पिन बाहेर, दोन बोल्ट सोडले की अख्खा कार्बोरेटर हातात. जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा, तांब्याच्या बारीक तारेने साफ करायचा. सुई घातली की भोक मोठं होतं आणि गाडी कायमची पेट्रोलखाऊ होते. हे ज्ञान प्रत्येक पिढीने एकेक जेट वाया घालवूनच मिळवलेलं आहे.

खरा गोंधळ मात्र एका स्क्रूवरून झाला, आणि तो अजून निस्तरलेला नाही.

कार्बोरेटरवर बाहेरून फिरवता येतील असे स्क्रू साधारण दोनच. एक स्लोचा, म्हणजे गाडी उभी असताना रेस किती राहील ते ठरवणारा. त्याबद्दल कुणाचा वाद नाही. दुसऱ्याला मेकॅनिक सरसकट ‘हवेचा स्क्रू’ म्हणतात, आणि तो दोन प्रकारचा असतो. स्लाइडच्या अलीकडे, म्हणजे एअर फिल्टरच्या बाजूला असेल, तर तो खरोखरच हवेचा. तो आवळला की हवा कमी होते आणि मिश्रणात पेट्रोल वाढतं. आरएक्स 100 चा तसा होता. पलीकडे, इंजिनच्या बाजूला असेल, तर त्यातून जातं ते पेट्रोल, किंवा पेट्रोल-हवेचं आधीच झालेलं मिश्रण. तो आवळला की पेट्रोल कमी होतं. नाव एक, परिणाम नेमका उलटा.

आरएक्सवर हात बसलेल्यांनी पुढे व्हॅक्यूमवर चालणाऱ्या कार्बोरेटरच्या गाड्या घेतल्या, ज्यांचा स्क्रू इंजिनच्या बाजूचा, तेव्हा अ‍ॅव्हरेज वाढवायला म्हणून स्क्रू सोडला आणि जास्तीच्या पेट्रोलने प्लग काळा करून ठेवला. ‘पूर्ण आवळून दीड फेरा सोड’ हे सूत्र तोंडोतोंडी पसरलं, पण कुठून सुरुवात करायची एवढंच ते सांगतं. त्यापुढे रेस सर्वांत जास्त आणि एकसारखी कुठे लागते ते कानाने शोधायचं, मग स्लोचा स्क्रू कमी करायचा, आणि हे सगळं इंजिन तापल्यावर. शिवाय ‘पूर्ण आवळून’चा अर्थ ताकद लावून असा नाही. तसं केलं की स्क्रूच्या टोकावर वळी पडते आणि पुढे कुठलंच माप लागत नाही.

पुस्तकी जाणकार सांगतात की हा स्क्रू बिनरेसपासून फार तर पाव थ्रॉटलपर्यंतच, म्हणजे रेसची मूठ पाव फिरवेपर्यंतच काम करतो, त्यापुढे पिन आणि मेन जेटचं राज्य, तेव्हा एवढी डोकेफोड कशाला? बरोबर आहे, पण असं म्हणणाऱ्याने सायंकाळी सहाला सायनच्या सिग्नलला उभं राहून पाहावं. मुंबईतली गाडी आयुष्यातला मोठा काळ पाव थ्रॉटलच्या आतच काढते. इथे त्या स्क्रूला महत्त्व आलं ते उगाच नाही.

पीयूसीने, म्हणजे गाडीच्या धुराच्या तपासणीने, हा गुंता वाढवला. 1989 च्या केंद्रीय नियमांनी दुचाकीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला 4.5 टक्क्यांची मर्यादा घातली. एप्रिल 2000 पासून बनलेल्या गाड्यांसाठी ती पुढे 3.5 टक्के झाली. तपासणी होते गाडी उभी ठेवून, बिनरेसमध्ये. म्हणजे नेमकं तिथेच, जिथे हा स्क्रू काम करतो. मग तपासणीआधी अर्धा फेरा पेट्रोल कमी करायचं आणि प्रमाणपत्र खिशात पडलं की परत वाढवायचं, ही पद्धत पडली. यावर उतारा म्हणून उत्पादकांनी बऱ्याच मॉडेलांवर स्क्रूच्या तोंडात पितळी बूच ठोकलं किंवा तो ठरावीकच फिरेल अशी टोपी बसवली. माझ्या मते हा निर्णय चुकला. ज्याला फसवायचं होतं त्याने ड्रिलने बूच काढलंच. जो प्रामाणिकपणे कार्बोरेटर साफ करत होता, त्याला मात्र स्लोच्या वाटेतला कचरा काढणं अवघड झालं.

मधल्या काळात 26 जुलै 2005 येऊन गेली. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या आठवड्यात फ्लोटच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू कुठे असतो हे शहरातल्या हजारो लोकांना पहिल्यांदा कळलं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे वाटीच्या तळाशी बसतं. अनेक गाड्या तेवढं काढल्यावर सुरू झाल्या.

कार्बोरेटरऐवजी पेट्रोल थेट फवारणारं इंजेक्शन 2006 मध्ये हिरो होंडाच्या ग्लॅमरवर आलं, 2007 मध्ये बजाजच्या पल्सर 220 वर. गंमत म्हणजे 2009 मध्ये तीच 220 स्वस्त होऊन पुन्हा कार्बोरेटरवर परतली आणि लोकांनी ती अधिक हौसेने घेतली. शेवट न्यायालयातून झाला. 1 एप्रिल 2017 पासून बीएस 3 (प्रदूषणाचा जुना निकष) गाड्यांची विक्री बंद झाली, तेव्हा आदल्या दोन दिवसांत शोरूमसमोर लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. मग 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 आलं आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींवरून कार्बोरेटर गेला.

जुन्या गाड्या मात्र रस्त्यावर आहेत, आणि आता त्यांची गाठ 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलशी आहे. 2023 पासून ते पंपांवर येऊ लागलं. इंजेक्शनची गाडी सेन्सरवरून बदल ओळखून काही प्रमाणात सावरते. कार्बोरेटर जेवढ्यास तेवढंच देतो, म्हणून मिश्रणात पेट्रोल कमी पडल्यासारखं होतं, गाडी तापते, सकाळी सुरू व्हायला कुरकुरते. त्यातून जुने रबर फुगतात, आणि गाडी पावसाळाभर उभी राहिली तर इथेनॉलने ओढलेलं पाणी वाटीत साचतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि चोर बाजारात जुने कार्बोरेटर अजून हाताळून बघायला मिळतात. घेताना आधी हवेचा स्क्रू फिरतोय का ते लोक पाहतात, आणि बूच उपटलेलं असेल तर भाव पाडतात.