किटमधली पानंफुलं नक्की कुणाची?

आर्ट्स अँड क्राफ्ट्स, म्हणजे यंत्राच्या मालापेक्षा हातकामाला आणि कारागिराला मान देणारी इंग्लंडातली चळवळ, हे नाव 1887 चं, पण इंग्लंडातल्या भरतकामात बदल त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधीच सुरू झालेला. तोवर घरोघरी बर्लिन वूलवर्क चालायचं, म्हणजे जर्मनीतून आलेला चौकड्यांचा रंगीत छापील नकाशा समोर ठेवायचा, घरं मोजायची आणि कॅनव्हासवर लोकरीने क्रॉस स्टिच घालत सुटायचं. गुलाब, पोपट, आणि 1856 नंतर केमिकल रंग आले तेव्हापासून सगळं डोळ्यात खुपेल इतकं भडक. याचा वीट आलेल्यांनी 1872 ला लंडनमध्ये जुने टाके शिकवायला एक शाळा काढली. स्टॅफर्डशायरमधल्या लीकला एका रंगाऱ्याने आपल्याकडचं टसर नीट रंगवायची युक्ती बसवली, 1879 ला त्याच्या बायकोने गावातल्या बायकांचा गट जमवला, आणि त्यांचं एक डिझाइन चक्क अजिंठ्याच्या लेण्यांवरून घेतलेलं!

आता भांडणाचा मुद्दा. या चळवळीतलं लंडनचं सगळ्यात नावाजलेलं दुकान तयार पडदे विकायचंच, पण किटही विकायचं, कापडावर डिझाइन आखलेलं, सोबत रेशीम आणि एक कोपरा नमुन्यादाखल भरलेला, बाकीचं घरी बसून तुम्ही करा. कारागिराला मान द्या म्हणणाऱ्यांनीच हे असं विकावं म्हणून आजही नाकं मुरडली जातात. मला ते निम्मंच पटतं. बर्लिनच्या नकाशात टाका न् टाका ठरलेला, इथे फक्त रेघ ठरलेली, पानाची शीर भरताना टाका कुठे वळवायचा, दोन हिरव्यांच्या मधे तिसरी छटा कुठे मिसळायची हे सुईवालीनेच बघायचं. यॉर्कशायरच्या एका बाईंनी 1877 ला घरासाठी याच दुकानाला ऑर्डर देऊन आर्टिचोकचं डिझाइन काढून घेतलं (ते किट नव्हतं) आणि लिननवर लोकरीने भरायला बसल्या त्या 1900 च्या आसपासपर्यंत! म्युझियममधल्या पाटीवर मोठं नाव मात्र डिझाइनवाल्याचं.

1885 ला दुकानाच्या मालकाच्या मुलीने 23 व्या वर्षी भरतकाम विभाग हातात घेतला, तर तिची डिझाइन्ससुद्धा पुढे बापाच्या नावावर खपली. पुरुषांचा गिल्ड, म्हणजे कलाकार-कारागिरांचा संघ, बायकांना घेत नव्हता म्हणून 1907 मध्ये तिने बायकांचा वेगळा काढला. तिकडे ग्लासगोत 1894 पासून आर्ट स्कूलमध्येच भरतकामाचे वर्ग भरायचे, महागड्या रेशमाऐवजी साधं स्वस्त कापड चालायचं आणि डिझाइन मुलींनी स्वतःच काढायचं, त्यामुळे किटचा वाद तिथे उपटलाच नाही.