वीज येते, पत्ते हरवतात

जुलैची २० तारीख, जीएसटीचं मासिक विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस. फोंड्यातल्या एका करसल्लागाराच्या कार्यालयात पावसाने सकाळपासून तीनदा वीज घालवली. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा एका संगणकावर ‘आयपी अ‍ॅड्रेस कॉन्फ्लिक्ट’ (एकाच पत्त्यावर दोन यंत्रं) असा संदेश, आणि प्रिंटर मुका. मला बोलावणं आलं.

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा आकडी पत्ता लागतो. लहान कार्यालयात तो राउटर वाटतो. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. १९९३ साली तिचे नियम ठरले. नव्याने जोडलेल्या यंत्राला ना स्वतःचा पत्ता ठाऊक, ना राउटरचा. म्हणून ते सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतं. राउटर एक पत्ता देऊ करतो, यंत्र तोच मागून घेतं, राउटर होकार देतो. पण हा पत्ता भाड्याचा असतो. निम्मी मुदत सरली की यंत्र गुपचूप ती वाढवून घेतं.

कोणाला काय दिलं याची वही राउटरकडे असते, आणि अनेक स्वस्त राउटर ती वीज जाताच पुसली जाणाऱ्या मेमरीत ठेवतात. गोम इथेच होती. संगणक आणि त्यांना केबलने राउटरशी जोडणारा नेटवर्क स्विच इन्व्हर्टरवर, राउटर आणि प्रिंटर मात्र साध्या बोर्डवर. स्विच चालूच राहिल्याने संगणकांना काही तुटल्याचं कळलंच नाही; ते जुने पत्ते धरून बसले. इकडे कोरी वही घेऊन उठलेल्या राउटरने त्यातलाच एक पत्ता प्रिंटरला दिला. प्रिंटरनेही तो कोणी वापरतंय का, हे तपासलं नाही.

पत्ता १६९.२५४ने सुरू झालेला दिसला, तर रोग वेगळा: यंत्राने हाक मारली, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच पत्ता घेतला. तेव्हा आधी केबल आणि राउटर पाहावा. काही यंत्रांचे पत्ते भलत्याच मालिकेतले असतील, तर वाय-फाय वाढवायला कोणीतरी दुसरा राउटर जोडलाय का ते शोधावं. तोही पत्ते वाटत असतो. अशा वेळी लोक घाईने नवा राउटर विकत आणतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फोंड्यात मी प्रिंटरसाठी एक पत्ता राउटरमध्ये राखून ठेवला, संगणकांना पत्ते नव्याने घ्यायला लावले आणि राउटरची वायर इन्व्हर्टरवर घेतली. चार वाजता पुन्हा वीज गेली. विवरणपत्रं भरली जात राहिली.