हृदयविकाराचा झटका : परिचर्या-मूल्यमापन व रुग्णशिक्षण

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी हृद्‌रोहिणी रक्ताच्या गुठळीने बंद पडून हृदयाच्या स्नायूचा काही भाग मरू लागतो, त्यास हृदयविकाराचा झटका म्हणतात. अशा रुग्णाची परिचारिकेने करावयाची पाहणी, तिची नोंद आणि रुग्णास व घरच्यांस समजावून सांगावयाच्या गोष्टी, एवढाच या नोंदीचा विषय आहे.

इतिहास : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत झटक्याच्या रुग्णास चार ते सहा आठवडे अंथरुणात सक्तीने पडून राहावे लागे. अंग पुसणे, भरवणे व कूस बदलणे हेच परिचारिकेचे मुख्य काम असे. सॅम्युएल लिव्हाइन व बर्नार्ड लाउन यांनी १९५२ मध्ये रुग्णास लवकर खुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला. त्यानंतरचा मोठा बदल म्हणजे अशा रुग्णांच्या हृदयाच्या लयीवर सतत नजर ठेवणारा हृद्‌रोग दक्षता कक्ष. त्याच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. डेझमंड जूलियन यांनी १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये ही कल्पना मांडली, म्हणून काही लेखक त्यांना मान देतात. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे ह्यूज डे यांनी १९६२ मध्ये प्रत्यक्ष कक्ष उघडला. टोरांटोतही त्याच सुमारास असा प्रयत्न झाला. फिलाडेल्फियातील लॉरेन्स मेल्ट्झर यांचा कक्षही याच काळातला. परिचर्येच्या दृष्टीने मेल्ट्झर यांचा प्रयोग अधिक महत्त्वाचा ठरतो. डॉक्टरची वाट न पाहता हृदयाची बिघडलेली लय ओळखून विजेचा धक्का देण्याचा अधिकार तेथे परिचारिकेला मिळाला. आकस्मिक मृत्यूंपैकी पुष्कळ पहिल्या काही तासांतील लयबिघाडाने होतात आणि खाटेपाशी तेव्हा डॉक्टर क्वचितच असतो, परिचारिका असते. कक्षाची भिंत आधी कोणी बांधली यापेक्षा हा निर्णय आधी कोणी घेतला, हा प्रश्न येथे मोलाचा मानला आहे.

ही नोंद पुण्यातील परिचर्येला धरून असल्याने तेथील इतिहासही थोडक्यात : ससून रुग्णालय १८६७ पासूनचे. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुणे सेवासदनाने ससूनच्या साहाय्याने परिचारिका शिक्षणात मध्यमवर्गीय हिंदू स्त्रियांना, विशेषतः विधवांना आणले. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचे परिचर्या महाविद्यालय १९६४ चे आहे.

मूल्यमापन : सर्वांत आधी वेळ. दुखणे कधी सुरू झाले याचे उत्तर बहुधा ‘सकाळपासून’ असे मिळते, आणि तेवढ्यावर भागत नाही. नळाला पाणी आले तेव्हा की त्याआधी, चहा झाला होता का, असे विचारत घड्याळातली वेळ काढावी लागते. कळ थांबून थांबून आली असेल तर पहिल्या कळेची आणि सलग दुखू लागल्याची, अशा दोन्ही वेळा लिहाव्यात. पुढचे उपचार बरेचसे या आकड्यांवर ठरतात.

‘छातीत दुखते का?’ या प्रश्नाला अनेक जण ‘नाही’ म्हणतात. छाती भरून आली, दडपण आले, गुदमरल्यासारखे झाले, जबड्यात वा डाव्या हातात कळ गेली, दरदरून घाम फुटला, हे मात्र आपण होऊन सांगतात. ‘पित्त झालंय’, ‘गॅस धरलाय’ हे रुग्णाने स्वतः केलेले निदान असते. ते नोंदवावे, पण त्यावर विसंबू नये. मधुमेही, वृद्ध व स्त्रिया यांच्यात नुसती धाप, मळमळ किंवा कमालीचा थकवा एवढेच दिसू शकते. वय कमी म्हणूनही शंका सोडू नये : ५२ देशांतील इंटरहार्ट अभ्यासात पहिल्या झटक्याचे मध्यक वय दक्षिण आशियात सु. ५३, तर इतरत्र सु. ५९ आढळले.

रुग्ण आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी काढून डॉक्टरला दाखवणे अपेक्षित असते. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका दिसल्यास छातीच्या उजव्या बाजूला तारा लावून तेथील आलेखही (लीड) घ्यावेत. उजवा कप्पा बाधित असताना सॉर्बिट्रेटने (जिभेखाली धरायची, रक्तवाहिन्या रुंदावणारी गोळी) रक्तदाब धाडकन उतरतो. हीच गोळी देण्यापूर्वी गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल किंवा ४८ तासांत टाडालाफिल (दोन्ही लैंगिक दुर्बलतेवरील औषधे) घेतले आहे का, हे नातेवाईकांना बाजूला करून विचारावे. चारचौघांत खरे उत्तर मिळत नाही. ऑक्सिजन सरसकट लावत नाहीत; रक्तातील प्रमाण ९० टक्क्यांखाली असेल तरच लावतात. फुप्फुसांच्या तळाशी कुरकुर ऐकू येते का, हे दर पाहणीत तपासावे. झटक्याचे गांभीर्य ठरवणारी किलिप व किम्बल यांची १९६७ ची चार श्रेणींची वर्गवारी याच साध्या तपासणीवर उभी आहे व ती अद्याप वापरात आहे. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे ट्रोपोनिन हे प्रथिन वाढायला काही तास लागतात. पहिला अहवाल ठीक आला म्हणून रुग्णाला घरी धाडू नये.

अँजिओप्लास्टी (बंद रोहिणी फुग्याने उघडणे) रुग्ण रुग्णालयात आल्यापासून ९० मिनिटांत व्हावी असा संकेत आहे. १२० मिनिटांतही ती शक्य नसल्यास गुठळी विरघळवणारे औषध ३० मिनिटांत सुरू करतात. त्याआधी पक्षाघात, अलीकडची शस्त्रक्रिया, रक्ताची उलटी यांची विचारपूस परिचारिकेकडे असते. या रुग्णांना स्नायूत इंजेक्शन टाळतात, कारण तेथे रक्त साकळते.

रुग्णशिक्षण : मुक्काम आता थोड्या दिवसांचा असल्याने घरी सोडण्याच्या दिवशी सगळे एकदम सांगितले जाते आणि त्यातले फारसे लक्षात राहत नाही. रोज थोडे सांगून ते रुग्णाकडून पुन्हा वदवून घेणे बरे. पुन्हा त्रास झाल्यास बसावे, सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली धरावी आणि पाच मिनिटांत उतार न पडल्यास १०८ ला फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. स्वतः स्कूटर चालवत दवाखाना गाठायचा नाही, हे पुण्यात वेगळे सांगावे लागते.

तंबाखूबद्दल विचारताना मिसरीचे नाव घेऊन विचारावे, कारण मिसरी लावणाऱ्या अनेक स्त्रिया तिला तंबाखूत धरत नाहीत. लोणचे, पापड, फरसाण यांवर मर्यादा येते. एकादशीला गोळ्या चुकवू नयेत. स्टेंट (रोहिणी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवलेल्याने दात काढायचा असला तरी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या हृद्‌रोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय थांबवू नयेत. पर्वती कधी चढू, वारीला जाऊ का, हे प्रश्न नेहमीचे. लैंगिक संबंधांविषयी मात्र कोणी विचारत नाही, म्हणून तो विषय परिचारिकेनेच काढावा. दोन जिने धाप न लागता चढता येणे ही त्यासाठीची ढोबळ खूण आहे. जुन्या ईसीजीचा फोटो रुग्णाच्या व घरातील आणखी एकाच्या मोबाइलमध्ये ठेवायला सांगावे. पुढच्या वेळी तुलनेला तो उपयोगी पडतो.