चमत्कार सादरीकरण

बुवा-महाराज दाखवतात ते ‘चमत्कार’ लोकांसमोर स्वतः करून दाखवायचे आणि लगेच त्यामागची हातचलाखी किंवा रसायन उघड करायचे, असा प्रबोधनाचा प्रकार. मुंबईतील शाळा-महाविद्यालयांत आणि वस्त्यांमध्ये अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे प्रयोग करतात.

ही वाट मळवली ती जादूगारांनी. कॅनडात जन्मलेले जेम्स रँडी (१९२८–२०२०) मूळचे बेड्या-साखळ्यांतून सुटण्याचे खेळ करणारे. अतींद्रिय शक्ती सिद्ध करणाऱ्याला त्यांनी १९६४ मध्ये देऊ केलेले हजार डॉलर पुढे दहा लाखांवर गेले, पण ते कोणाच्याच हाती लागले नाहीत. १९७९ मध्ये त्यांनी दोन तरुण जादूगार अतींद्रिय शक्ती असल्याचे सोंग घेऊन एका अमेरिकी विद्यापीठाच्या परामानसशास्त्र (अशा शक्तींचा अभ्यास) प्रयोगशाळेत धाडले आणि संशोधक चांगलेच फसले. निसर्ग लबाडी करत नाही, माणूस करतो, आणि ती पकडण्याचे शिक्षण शास्त्रज्ञाला मिळालेले नसते. भारतात हे काम बी. प्रेमानंद (१९३०–२००९) या जादूगाराने गावोगाव नेले.

विभूतीचा प्रयोग नमुनेदार. राख भाताच्या पेजेत मळून तिची गोळी वाळवतात आणि अंगठ्याच्या बेचक्यात दडवतात. हात हवेत गोल फिरतो, बघणाऱ्याची नजर त्याच्यामागे जाते, तेवढ्यात गोळी बोटांवर येऊन चुरली जाते. नारळ पेटतो तो शेंडीत खोचलेल्या सोडियमच्या तुकड्यावर ‘मंतरलेले’ पाणी पडल्यामुळे.

मुंबईत कधीकधी पितळ उघडे पाडायला जादूगारही लागला नाही. १९६६ मध्ये हठयोगी एल. एस. राव यांनी पाण्यावरून चालून दाखवतो म्हणून चक्क तिकिटे लावली, आणि पाऊल टाकताच ते बुडाले.

शहरातले गाजलेले पुढचे प्रसंग मात्र या विद्येच्या आवाक्याबाहेरचे, कारण त्यांत हातचलाखी करणारा कोणी नव्हताच. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीचे पाणी ‘गोड’ झाले म्हणून लोकांनी ते सांडपाणी मिसळलेले पाणी बाटल्या भरून नेले. पावसाने आणि मिठी नदीच्या लोंढ्याने खारेपणा उतरला होता, इतकेच. २०१२ मध्ये विलेपार्ल्यातील इर्ला येथे चर्चच्या क्रुसावरून पाणी ठिबकू लागले. विवेकवादी सनल एडामारुकू यांनी तुंबलेल्या सांडपाण्याच्या वाटेकडे बोट दाखवले: दिव्याच्या वातीत तेल चढते तशी ओल भिंतीतून केशाकर्षणाने वर चढत होती. प्लंबरलाही हे सांगता आले असते. एडामारुकू यांच्यावर मात्र धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी दाखल झाल्या आणि अटकेच्या शक्यतेने त्याच वर्षी ते फिनलंडला गेले.